‘गेल्डरमाल्सेन’ जहाजावरील चिनी मातीची भांडी : व्यापार, बुडीत माल आणि पुरातत्त्वाचा प्रश्न

प्रास्ताविक

३ जानेवारी १७५२ रोजी संध्याकाळी दक्षिण चीन समुद्रात, बिंतान बेटाच्या परिसरात, डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘गेल्डरमाल्सेन’ हे जहाज पाण्याखालील खडकावर आदळले आणि त्याच रात्री बुडाले. जहाजावर ११२ माणसे होती. त्यांपैकी ३२ जण दोन लहान नावांतून बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, पोहोचले. कप्तान यान मोरेल याच्यासह ८० जणांना जलसमाधी मिळाली. कंपनीच्या दफ्तरात या घटनेची चौकशी नोंदविली गेली, नुकसानीचा आकडा लिहिला गेला आणि प्रकरण मिटले. पुढे २३३ वर्षांनी, १९८५ मध्ये, मायकेल हॅचर यांच्या पथकाने याच जहाजाच्या पोटातून सुमारे दीड लाख चिनी मातीची भांडी आणि सव्वाशेच्या आसपास सोन्याच्या विटा वर काढल्या. १९८६ च्या एप्रिल-मे महिन्यांत ॲमस्टरडॅम येथे क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ‘नानकिंग कार्गो’ या नावाने त्यांची विक्री केली. सुमारे एक कोटी पौंड रक्कम जमा झाली. हा माल कोणत्या व्यापाराचा होता, तो समुद्रतळाशी इतका सुस्थितीत कसा राहिला आणि तो ज्या पद्धतीने वर काढला गेला तिच्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती काय आले व काय कायमचे निसटले, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

चिनी माती म्हणजे काय?

मराठीत ‘चिनी माती’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी आणि स्वच्छतागृहातील भांडे या तिन्हींना आपण चिनी मातीचेच म्हणतो. वस्तुतः लोणच्याची बरणी ही झिलई दिलेल्या जाड दगडी जातीची असते. खरे पोर्सेलीन पांढरेशुभ्र असते, पातळ भाग उजेडासमोर धरला असता किंचित पारदर्शक दिसतो आणि टिचकी मारली असता धातूसारखा नाद देतो. हे गुण दोन द्रव्यांच्या संयोगातून येतात. एक म्हणजे केओलिन ही शुभ्र माती. हे नाव चीनमधील जिंगदेझेन शहराजवळच्या गाओलिंग या स्थळावरून आलेले आहे. दुसरे म्हणजे फेल्डस्पारयुक्त दगडाचे चूर्ण, ज्याला चिनी भाषेत ‘बायदुन्झी’ म्हणतात. सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला दगडाचे चूर्ण वितळून काचेसारखे होते व मातीच्या कणांना सांधते. माती मात्र भांड्याचा आकार सावरून धरते. परिणामी भांड्याच्या अंगात पाणी शिरण्यास वाव राहत नाही. समुद्राच्या तळाशी अडीच शतके पडून राहिलेली बशी आजही वापरता येईल अशा स्थितीत सापडते, याचे मूळ भट्टीतील या प्रक्रियेत आहे.

सजावटीचीही दोन तंत्रे होती आणि त्यांतील फरक बुडीत मालाच्या संदर्भात निर्णायक ठरला. कच्च्या भांड्यावर कोबाल्टयुक्त रंगाने चित्र काढावयाचे, त्यावर झिलई द्यावयाची आणि मग एकदाच भाजावयाचे, हे पहिले तंत्र. यात निळा रंग झिलईखाली बंदिस्त होतो. दुसऱ्या तंत्रात भाजून झालेल्या भांड्याच्या झिलईवर तांबड्या, हिरव्या वा सोनेरी रंगाने काम करून ते कमी तापमानाला पुन्हा भाजतात. हे रंग पृष्ठभागावरच असतात. खारे पाणी आणि वाळूचे घर्षण यांनी ‘गेल्डरमाल्सेन’वरील अनेक भांड्यांचा तांबडा व सोनेरी भाग झिजून गेला, झिलईखालची निळाई मात्र जशीच्या तशी राहिली. पूर्ण रंगसंगती कशी होती हे आज अशा भांड्यांवर उरलेल्या पुसट खुणांवरून ताडावे लागते.

जिंगदेझेन येथील उत्पादनाचे वर्णन फ्रान्स्वा झाव्हिए द’आंत्रकोल या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने १७१२ आणि १७२२ च्या पत्रांतून केले आहे. एकच भांडे सत्तर कामगारांच्या हातांखालून जाते, असे त्याने नोंदविले आहे. एक जण केवळ कडेची रेघ ओढणारा, दुसरा केवळ फुलाची बाह्यरेषा काढणारा, तिसरा ती भरणारा. श्रमविभागणीचा विचार पुढे युरोपात अर्थशास्त्राचा विषय झाला, त्याच्या कितीतरी आधी ती येथे रोजची रीत होती. युरोपला मात्र पोर्सेलीनचे रहस्य १७०८-१७१० च्या सुमारास, सॅक्सनीतील माइसेन येथील प्रयोगांतून प्रथम उलगडले. तरीही स्वस्त आणि मोठ्या संख्येने माल हवा असेल तर अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चीनला पर्याय नव्हता.

व्यापाराचे स्वरूप

लिलावात ‘नानकिंग’ हे नाव गाजले खरे. परंतु ही भांडी नानकिंगची नव्हेत. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांना युरोपीय बाजारात हे नाव पूर्वीपासून पडलेले होते, एवढेच. ‘गेल्डरमाल्सेन’वरील बहुतांश माल जिंगदेझेनचा. तेथून तो नदीमार्गे दक्षिणेकडे येई, मेइलिंगची खिंड हमालांच्या खांद्यावरून ओलांडी आणि पुन्हा नावांतून कँटन बंदरात उतरे. कँटन येथे परकीय कंपन्यांना परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांमार्फतच व्यवहार करावा लागे. हॉलंडहून आलेल्या मागणीपत्रात कोणत्या आकाराची, किती व कशा नक्षीची भांडी हवीत हे लिहिलेले असे. काही वेळा लाकडी नमुनेही पाठविले जात. लोण्याचे झाकणदार भांडे किंवा मूठ असलेला बिअरचा पेला यांचा चिनी स्वयंपाकघरात काही उपयोग नव्हता. ज्या कुंभाराने ते घडविले त्याने त्यातून कोणी काही पिताना बहुधा कधी पाहिलेही नसेल.

‘गेल्डरमाल्सेन’ १८ डिसेंबर १७५१ रोजी कँटनहून मायदेशी निघाले. त्याचे बीजक आज उपलब्ध आहे. त्यात सर्वांत महत्त्वाचा माल चहा होता : ६,८६,९९७ डच पौंड, म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार किलो. रेशीम व अन्य कापड, लाखेच्या वस्तू, लाकूड आणि सोने हा इतर माल. चिनी मातीची भांडी २०३ पेट्यांत भरलेली, संख्येने जवळजवळ २ लाख ३९ हजार. संख्या प्रचंड असली तरी मालाच्या एकूण किमतीत त्यांचा वाटा सुमारे पाच टक्क्यांचाच होता. कंपनीच्या दृष्टीने हे जहाज चहाचे होते.

मग एवढी भांडी का घेतली जात? याचे एक उत्तर जहाजाच्या रचनेत आहे. चहा हलका आणि ओलाव्याला अत्यंत नाजूक. केवळ चहाने भरलेले जहाज वाऱ्यात कलंडेल आणि तळाशी झिरपणाऱ्या पाण्याने चहा नासेल. त्यामुळे जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी जे वजन भरतात, ज्यास कोकणातील खलाशी नीरम म्हणत, त्याचे काम काही अंशी भांड्यांच्या पेट्यांनी भागे. पाण्याने न बिघडणारा हा थर खाली आणि त्यावर चहाच्या पेट्या, अशी मांडणी असे. दगड वाहून नेण्याऐवजी विकता येईल असे वजन वाहून नेणे, हा साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता.

बीजकातील तपशील वाचनीय आहे. ६३,६२३ चहाचे पेले व बश्या, १९,५३५ कॉफीचे, ९,७३५ चॉकलेट पेयाचे, १७१ जेवणाचे संच, १४,३१५ सपाट थाळ्या, ५७८ चहाच्या किटल्या, ५४८ दुधाची भांडी, ७५ मासळीचे वाडगे, २९९ थुंकदाण्या. चहाच्या पेल्यांच्या तुलनेत कॉफीचे पेले एक-तृतीयांशाहून कमी आणि चॉकलेटचे त्याहूनही निम्मे, एवढ्या एका गुणोत्तरावरून डच मध्यमवर्गाच्या घरी त्या काळी कोणते पेय किती रुजले होते याचा अंदाज बांधता येतो. सरदारवर्गाच्या राजमुद्रांकित संचांचा या यादीत भर नाही. ही मुख्यतः सामान्य सुस्थित कुटुंबांची भांडी आहेत.

याच यादीत ६०६ ‘वांतीची भांडी’ नमूद आहेत. समुद्रतळातून एका बाजूला मूठ असलेली लहान, गोल भांडी निघाली तेव्हा बीजकाशी ताडून ती हीच असावीत अशी जुळणी अभ्यासकांनी मांडली. तत्पूर्वी अशी भांडी लहान मुलांची शौचपात्रे समजली जात. वस्तू आणि तिच्याविषयीचा लेखी पुरावा एकत्र आल्यावर काय साधते, याचे हे थोडे गमतीदार पण उत्तम उदाहरण होय. संग्राहकांच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटांत यांतील काही भांडी आज मानाने विराजमान आहेत.

सोने आणि संशय

बुडालेल्या जहाजातून वाचलेल्यांत क्रिस्तोफेल फान डाइक हा बोटस्वेन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. बटाव्हिया येथे त्याची कसून चौकशी झाली. चीनमध्ये रुप्याच्या तुलनेत सोने स्वस्त मिळे, म्हणून कंपनी ते तेथे खरेदी करीत असे. या जहाजावरही सोन्याच्या विटा होत्या. सोन्याच्या पेटीचे काय झाले, या प्रश्नाला अधिकाऱ्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि संशय वाचलेल्या माणसांकडे वळला. ८० सहकारी गमावून उघड्या नावेतून बंदर गाठलेल्या माणसाला प्रथम विचारले गेले ते पेटीविषयी. १९८५ मध्ये सोने समुद्रतळाशीच मिळाले. फान डाइकवरील संशय इतक्या उशिरा फिटला, तेव्हा त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. पण बुडीत मालातून मिळालेल्या मोजक्या मानवी सत्यांपैकी हे एक आहे, म्हणून ते नोंदविणे आवश्यक वाटते.

माल टिकला कसा?

जहाज फुटल्यावर चहाच्या पेट्या मोडल्या आणि पाने भांड्यांच्या पेट्यांवर व सभोवार पसरली. कालांतराने चहा आणि गाळ यांचा जाड थर तयार झाला. या थराखाली प्राणवायू पोहोचत नसल्याने प्रवाळ, शंखशिंपले आणि लाकूड पोखरणारे जीव यांचा शिरकाव झाला नाही. लाटांचे घर्षणही टळले. कंपनीच्या लेखी जो माल अनमोल होता त्याने कुजून, जो माल दुय्यम होता त्याचे रक्षण केले. वर काढलेल्या भांड्यांना गोड्या पाण्यात दीर्घकाळ भिजवून क्षार काढणे आवश्यक असते. झिलईतील बारीक भेगांत मीठ राहिल्यास ते वाळताना स्फटिकरूप होऊन झिलई उडवते. पूर्ण भाजलेल्या पोर्सेलीनमध्ये हा धोका कमी, दगडी जातीच्या सच्छिद्र भांड्यांत अधिक.

लिलाव आणि त्याचे पडसाद

हॅचर यांनी याच समुद्रभागात १९८३ मध्ये सतराव्या शतकाच्या मध्यातील एका चिनी गलबताचा माल शोधला होता. त्यात १६४३ या वर्षाशी जुळणाऱ्या तिथीची झाकणे मिळाल्याने त्या काळातील भांड्यांच्या कालनिश्चितीस मोठी मदत झाली. ‘गेल्डरमाल्सेन’ हा त्यांचा दुसरा आणि अधिक मोठा शोध. १७४७ हे वर्ष कोरलेली घंटा आणि कंपनीची मुद्रा असलेल्या तोफा यांनी जहाजाची ओळख पटविण्यास साहाय्य केले. ग्रोनिंगन संग्रहालयाचे अभ्यासक सी. जे. ए. यॉर्ग यांनी १९८६ मध्येच बीजक, चौकशीचे कागद आणि भांडी यांचा मेळ घालणारे पुस्तक प्रसिद्ध केले. वरील तपशिलांचा बराचसा भाग त्यांच्या श्रमामुळे अभ्यासकांस उपलब्ध झाला आहे, हे मान्य केले पाहिजे.

लिलावाला अभूतपूर्व प्रतिसाद मिळाला. अंदाजित किमतीच्या कितीतरी पट बोली लागल्या. एका वस्तूच्या प्रसिद्धीने दुसरीची किंमत चढे. भांड्यांच्या नक्षीला ‘नावाडी आणि सहा फुलांची किनार’, ‘पुलावरील विद्वान’ अशी जी नावे आज सर्वत्र रूढ आहेत, ती विक्रीच्या सूचिपत्रासाठी दिली गेली; ती ना कुंभाराची, ना डच व्यापाऱ्याची. संशोधनपर लेखनातही ती आता बिनदिक्कत वापरली जातात, हे थोडे विचार करण्याजोगे आहे.

प्रेक्षकांत दोन चिनी तज्ज्ञही होते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील फेंग शियानमिंग आणि गेंग बाओचांग यांना चीन सरकारने सुमारे ३०,००० डॉलर देऊन पाठविले होते. आपल्याच देशात घडलेल्या भांड्यांपैकी काही परत आणावीत असा हेतू. चढत्या बोलींपुढे त्यांना एकही वस्तू घेता आली नाही. या अनुभवाची चीनमध्ये गांभीर्याने दखल घेतली गेली आणि १९८७ मध्ये तेथे पाण्याखालील पुरातत्त्वाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. इंडोनेशियाने हे जहाज आपल्या हद्दीतील असल्याचा दावा केला होता. शोधकर्त्यांच्या मते ते आंतरराष्ट्रीय पाण्यात होते. डच सरकारने विसर्जित कंपनीचा वारसदार या नात्याने उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा घेतला. इंडोनेशियाने १९८९ मध्ये बुडीत जहाजांच्या मालासाठी राष्ट्रीय समिती नेमली. एका जहाजाचे तीन दावेदार, आणि ज्या कामगारांनी ती भांडी घडविली त्यांच्या जिंगदेझेनचा विचार कायद्याच्या चौकटीत कोठेच नाही.

पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप मालकीपुरता मर्यादित नव्हता. जॉर्ज मिलर यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच ‘गेल्डरमाल्सेनचा दुसरा विध्वंस’ असे होते. आक्षेप असा की जहाजाच्या सांगाड्याचे, पेट्यांच्या मांडणीचे आणि खलाशांच्या वैयक्तिक सामानाचे शास्त्रीय नोंदीकरण झाले नाही. सुमारे दीडशे फूट लांबीचे, १७४६-४७ मध्ये झीलंडमध्ये बांधलेले हे जहाज स्वतःच एक महत्त्वाचा पुरावा होते. कोणती पेटी कोणत्या बाजूस होती, अधिकाऱ्यांचा खासगी माल कोठे दडविलेला होता, वरच्या आणि खालच्या वर्गातील माणसे कोणत्या भांड्यांतून जेवत, हे प्रश्न वस्तूंच्या स्थानावरूनच सुटतात. एकदा वस्तू उचलली आणि स्थान नोंदले नाही, की तो पुरावा दुसऱ्यांदा मिळत नाही. विक्रीसाठी काढलेल्या मालात अखंड भांड्याला किंमत असते, फुटक्याला नसते. पुरातत्त्वज्ञाला मात्र खापरीही तेवढेच सांगते. व्यापारी उत्खननाच्या समर्थकांचा प्रतिवादही विचारात घ्यावा लागतो. ही जहाजे मासेमारीच्या जाळ्यांनी आणि चोरट्या पाणबुड्यांनी नष्ट होत असतात, सरकारांकडे खर्चाची तयारी नसते आणि विक्रीच्या आशेशिवाय कोणी शोधच घेणार नाही. यात तथ्य आहे. परंतु शोधाचा खर्च विक्रीतून निघावा असे एकदा ठरले, की जे विकले जात नाही त्यासाठी वेळ देणे परवडत नाही. ‘गेल्डरमाल्सेन’बाबत नेमके हेच झाले.

नंतरच्या काळात तीन मार्ग दिसतात. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘तेक सिंग’ या चिनी गलबतातील सुमारे साडेतीन लाख भांडी हॅचर यांनीच १९९९ मध्ये काढली आणि २००० मध्ये ती जर्मनीत लिलावात विखुरली गेली. इंडोनेशियाच्याच बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील, दोरीने फळ्या शिवलेल्या जहाजाचा सुमारे ६०,००० वस्तूंचा संग्रह व्यापारी पद्धतीनेच निघाला. परंतु तो एकत्रित ठेवून २००५ मध्ये सिंगापूरने विकत घेतला. तरीही २०११ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला त्याचे नियोजित प्रदर्शन पुरातत्त्वज्ञांच्या विरोधामुळे रद्द करावे लागले. तिसरा मार्ग चीनचा. सुंग काळातील ‘नानहाई क्रमांक १’ हे जहाज २००७ मध्ये सभोवतालच्या गाळासह पोलादी पेटीत बंद करून अखंड उचलण्यात आले आणि खास बांधलेल्या संग्रहालयात वर्षानुवर्षे त्याचे उत्खनन झाले. हा मार्ग अतिशय खर्चिक आहे. प्रत्येक देशाला तो शक्य नाही. युनेस्कोने २००१ मध्ये संमत केलेला आणि २००९ पासून अमलात आलेला करार शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वारशाच्या व्यापारी वापरास प्रतिबंध करतो. तथापि त्यावर स्वाक्षरी न केलेल्या देशांना तो बंधनकारक नाही.

गोव्याच्या किनाऱ्यालगत सुंची खडकावर दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी केलेले काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीचे हे पोर्तुगीज जहाज. तेथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या. एकही अखंड संच नाही, लिलावात मांडावे असे काही नाही. तरीही आफ्रिकेचा दात आणि चीनची खापरी एकाच खडकावर शेजारी मिळतात, तेव्हा गोवा कोणत्या व्यापारवर्तुळाच्या मध्यावर उभे होते हे त्या जागेवरूनच उलगडते.

‘गेल्डरमाल्सेन’ची भांडी आता जगभरच्या घरांत आणि संग्रहालयांत विखुरलेली आहेत. एखादी बशी खरोखर त्याच जहाजावरची आहे का, हे केवळ तिच्याकडे पाहून सांगणे कठीण असते, कारण तशाच बश्या इतर जहाजांतून सुखरूप हॉलंडला पोहोचल्या होत्या. त्यामुळे खरेदीदार प्रथम बशी उलटी करून पाहतो. तळाशी १९८६ च्या लिलावाचा क्रमांक असलेली कागदी चिठ्ठी चिकटलेली असेल, तर तिची किंमत वाढते. जाणते मालक ती बशी धूत नाहीत.